अमावास्यावाले

कालनिर्णय आमच्या सोसायटीत सगळ्यांच्याच भिंतीवर असतं. नवं आलं की कुणी चतुर्थ्या बघतं, कुणी कोणकोणत्या सुट्ट्या रविवारी वाया गेल्या ते बघून हळहळतं. अमावास्यावाले मात्र काळे गोळे मोजतात. त्यातले जून ते सप्टेंबरचे पावसाच्या नावाने सोडून द्यायचे, मे महिन्याचा धुळीच्या. उरलेल्यांत सगळ्यात देखणी रात्र आश्विन अमावास्येची, आभाळ पावसाने नुकतं धुऊन निघालेलं; आणि नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन! गृहस्थ सोवळं नेसून पाटावर बसतो, पण नजर खिडकीबाहेर. बाहेर फटाक्यांचा धूर. लक्ष्मी येते की नाही ठाऊक नाही, आभाळातली शर्मिष्ठा जाते ती जातेच.

हा माणूस साधारण पन्नाशीकडे झुकलेला असतो. आधी पक्ष्यांचे फोटो काढायचा. पक्षी उडून जातात, तारे कुठे जात नाहीत, म्हणून इकडे वळलो असं सांगतो, आणि मग न जाणारे तारे कसकसे गेले त्याच्या रेघा काढत रात्रभर बसतो. फ्लॅट घेताना त्याने उत्तरेची गॅलरी हट्टाने मागून घेतली. बिल्डरला वाटलं, वास्तुशास्त्राचं गिऱ्हाईक. ध्रुव उत्तरेला असतो आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरताना दिसतात, हे त्या बिल्डरला कोण सांगणार? गॅलरीतून आता मॉलची पाटी दिसते, तीही रात्रभर.

या छंदाची गंमत अशी की यात तयारी डोंगराएवढी आणि काम शून्य. तिपाई रोवायची, तिच्या पोटाला दगडांची पिशवी टांगायची, लेन्सवर दव धरू नये म्हणून भोवती हात शेकायच्या पुड्या बांधून वर बायकोचा लोकरी मोजा चढवायचा, फोकस ताऱ्यावर नेऊन तिथे चिकटपट्टी मारायची. मग तीस-तीस सेकंदांचे फोटो कॅमेरा आपला आपण काढत राहतो, तासाला एकशेवीस. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे तासाभराच्या थंडीत प्रत्येक ताऱ्याची पंधरा अंशांची कमान पदरात. तोवर छायाचित्रकाराचं कर्तव्य एकच: कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. जन्मभर चुळबुळ करणारा हा माणूस अमावास्येला तीन-तीन तास असा बसतो, हे त्याच्या बायकोला अजून खरं वाटत नाही.

त्याचं सासर लातूरकडचं. तिकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला सगळा गाव शेतात जेवायला जातो, भज्जी आणि आंबील असते. सासरच्या कुठल्याही कार्याला सबब शोधणारे आमचे जावईबापू या एका सणाला न बोलावता हजर. सासूबाईंना त्यातच भरून येतं. संध्याकाळी मंडळी परतली की हे मागे राहतात. मागच्या खेपेला मेव्हणा सोबतीला होता, त्याच्या तोंडून ऐकलेली ही हकिगत.

मध्यरात्र उलटलेली. कॅमेरा चाललाय. तेवढ्यात बांधावरून बॅटरीचा झोत आला तो थेट लेन्समध्ये.

"कोण हाय तिकडं?"

"बंद करा! बॅटरी बंद करा!" जावईबापू ओरडले.

शेजारचे मामा होते, रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला निघालेले. बॅटरी विझवून जवळ आले. "पाव्हनं, काय हरवलंय काय?"

"ताऱ्यांचे फोटो काढतोय, मामा."

मामांनी वर पाहिलं. सप्तर्षी ईशान्येला नुकते पुरते उगवले होते. "खाट वर आली की मोटार चालू करायची, एवढंच म्हाईत हाय बगा आमाला," म्हणाले आणि अंधारात, बॅटरी न लावता, बांधाबांधाने निघून गेले. पावलं अचूक पडत होती. जावईबापू मात्र स्वतःच्याच तिपाईला अडखळले.

मामांच्या झोताचा तो एक फोटो टाकून द्यावा लागला. त्यामुळे सगळ्या रेघांमध्ये केसाएवढी फट राहिली आहे, आपल्याला दाखवल्याशिवाय दिसत नाही. तो दाखवतोच.

खरा कहर झाला भाच्याच्या लग्नात. सप्तपदी आटोपली, गुरुजी नवरा-नवरीला घेऊन मांडवाच्या दारात आले आणि बोट करून म्हणाले, ध्रुवासारखे अढळ राहा. बोट हॅलोजनच्या दिव्याकडे होतं. अमावास्यावाल्यांना राहवेना. त्यांनी आधी दिशा दुरुस्त केली, हात लांब करून क्षितिजापासून वर जेमतेम दोन मुठी मोजल्या, कारण आपल्या अक्षांशावर ध्रुव अठरा-एकोणीस अंशांवरच असतो. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, "आणि गुरुजी, तो अढळ नाही हं. ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आतबाहेर आहे, माझ्या फोटोत त्याचीसुद्धा बारकी कमान येते."

गुरुजींनी उपरणं सावरलं. "तेवढं संसारात चालतं," म्हणाले.

2024 च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला, तेव्हा यांनी सोसायटीत पेढे वाटले. पुढे तिथे जाऊनही आले. वाघ दिसला का, या प्रश्नाला उत्तर आलं, "वर बघत होतो." गावी सरपंचांनी देवळापुढे हायमास्ट बसवायचं ठरवलं, तेव्हा विरोधात अर्ज देणारा पंचक्रोशीतला हा एकटाच. सरपंच अजून शोधतायत यामागे कुठला पक्ष आहे. माझं मत विचाराल तर अर्ज रास्त होता. अशा दिव्याचा बराच उजेड आभाळालाच जातो आणि वीजबिल ग्रामपंचायत भरते.

तेव्हा हिवाळ्यात अमावास्येच्या सुमाराला रात्री भंडारदऱ्याकडे किंवा माळशेजच्या वरच्या अंगाला गाडीने जात असाल आणि रस्त्याकडेला मिणमिणता लाल दिवा दिसला, तर भुताखेताच्या शंका काढू नका. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते सगळं क्षणात मोडतं, म्हणून तो लाल दिवा आहे. थांबलात तर गाडीचे दिवे आधी बंद करा, बॅटरी खाली धरा आणि थर्मासमधला चहा त्याला विचारा. फोटो दाखव मात्र म्हणू नका, सकाळ होईल.